फळ कोणाचं, हे आधी ठरलं

आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे गायरानावर, झाडं लावायला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी जास्त वेळ ती लावायची की नाही हे ठरायला लागला. आपल्या गावात असं काही करू बघणाऱ्यांच्या उपयोगाचा भाग खरं तर तोच, म्हणून लिहिणार आहे तेही त्याच्यावरच जास्त. खड्डा किती फुटांचा, शेणखत किती पाट्या, हे कोणीही सांगेल.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याकडचं. काळी जमीन थोडी, बरड जास्त. पिकं तीच: कापूस, तूर, सोयाबीन. गावाला लागून कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा, आहे. मी ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांमधून कृषी सखी झाले, म्हणजे गावात शेतीचं मार्गदर्शन करणारी. त्याआधी मजुरी करत होते, अजूनही हंगामात जाते. आमचं वावर तीन एकर, सातबारा नवऱ्याच्या नावावर. आणि वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते, ई-क्लास म्हणजे गावच्या ढोरांसाठी राखलेली सरकारी जमीन, जिला बाकी महाराष्ट्रात गायरान म्हणतात. जुन्या वऱ्हाडच्या महसुली वर्गवारीतून आलेलं नाव आहे, पण शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही ‘इक्लास’च म्हणते. आमच्या ई-क्लासवर काही जुने मोह होते, पळसाची आणि बोरीची झुडपं होती, रायमुनियाची (घाणेरीची) जाळी माजली होती, मुरूम उपसलेले खड्डे होते. एका अंगाला भूमिहीनांनी वाहितीखाली आणलेले तुकडे होते. बाकी उन्हाळ्यात नुसता तापलेला माळ.

वनबागेची कल्पना मी पहिल्यांदा वर्ध्याच्या एका प्रशिक्षणात ऐकली. पडद्यावर इंग्लंडमधलं श्रॉपशायर दिसत होतं. रॉबर्ट हार्ट नावाच्या माणसानं तिथं वेनलॉक एज नावाच्या डोंगररांगेवर लहानशा तुकड्यात जंगलासारखी बाग उभी केली होती. वर मोठी झाडं, त्याखाली बुटकी फळझाडं, मग झुडपं, मग पालेभाज्या आणि औषधी, जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पती, जमिनीखाली कंद, आणि या सगळ्यांवर चढणारे वेल, असे सात थर. एकदा बाग बसली की नांगरट नाही, दर वर्षी पेरणी नाही. हार्टला हे सुचलं ते केरळच्या घरामागच्या बागांवरून, असंही शिकवणाऱ्यांनी सांगितलं. मला कल्पना पटली. फक्त वहीत मी लिहून ठेवलं, ‘मे महिन्यात काय?’

इंग्लंडात उन्हाची टंचाई, म्हणून तिथली सगळी मांडणी खालच्या थरापर्यंत ऊन कसं पोचेल या हिशेबानं असते. केरळात वर्षातले बरेच महिने पाऊस. आमच्याकडे चार महिने पाऊस, त्यातही मोठे खंड, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्यातून आमची रानं पानगळीची. ऐन उन्हाळ्यात साग खराट्यासारखा उभा असतो. वरचा मजलाच उघडा पडला तर खालच्या सहा मजल्यांनी कुठं जावं? म्हणून आमच्याकडे वरच्या थराला झाड निवडताना फळ किती देतं याआधी ते उन्हाळ्यात पानावर असतं का, हे बघावं लागतं. करंजाला आणि कडुनिंबाला चैत्राच्या सुमाराला नवी पालवी येते, मोहाला फुलं गळताना येते. आंबा, जांभूळ, चिंच हिरवे असतात. सावली हवी तर ती यांचीच. आणि सातच्या सात थर माळरानावर एका जागी बसवायचा हट्ट सोडावा लागतो. माळावर तीन थर जगले तरी खूप. दाट सात थर जमतात ते घरामागं, सांडपाण्यावर. ते पुढं सांगते.

गावात पहिली बैठक झाली तेव्हा हवामान बदललं हे पटवून द्यायची पाळी आलीच नाही. एक आबाजी म्हणाले, “पाऊस बदलला हे आमाले का सांगतं बाई? पयले मृगात पेरत होतो. आता आर्द्रा निघून जाते, तरी आभाळाकडे पायत बसा लागते.” संपला विषय. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच खरे प्रश्न सुरू झाले. त्यातला एकही प्रश्न हवामानाचा नव्हता.

शेळ्यावाल्या बाईनं विचारलं, “माह्या बकऱ्या का आभाळात चरतीन?” गावचा गायकी गप्प बसून होता, त्याची ढोरं कुठं न्यायची हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वाहितीवाल्यांपैकी एक जण उठला आणि म्हणाला, “झाडं लावाचं नाव, अन् आमाले हाकलाचा डाव.” त्याचं भय उगाच नव्हतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, राज्य सरकारनंही त्यावर आदेश काढला, आणि तेव्हापासून गायरानावर कसणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा असतो. त्याच्या बाजूला कुदळ घेऊन कोणीही आलं तरी तो घाबरणार.

शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळंच. “लावलं तं तोडता येत नाई, मंग वावरात कायले लावा?” हेही खरं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत. आपल्याच धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, असलं तरी तोडायला परवानगी लागते. कायदा झाडं वाचवायला केला, पण धुऱ्यावर आपोआप उगवलेलं मोहाचं रोप बोटभर असतानाच उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. मोठं झालं तर आपलं राहणार नाही, एवढंच त्यांना कळतं. शेवगा, हादगा, सीताफळ त्या यादीत नाहीत, त्यामुळे वावरासाठी मी आता ह्याच झाडांपासून सुरुवात करायला सांगते.

मागे एक तरणा पोट्टा हात बांधून उभा होता. त्यानं जे विचारलं त्यावर पुढचं सगळं फिरलं. “फळं लागल्यावर नेईन कोण? गावातले दोघं-तिघं नेतीन. मंग आमी पाणी कायले टाकावं?”

मागं एका मोहिमेत आमच्या गावात खड्डे खणले गेले होते, रोपंही आली होती, फोटोही निघाले. दोन उन्हाळ्यांनंतर तिथं खड्डेच राहिले. रोपं पाण्यावाचून मेली असं सगळे म्हणतात. माझं मत असं, की ती कोणाचीच नव्हती म्हणून मेली. पाणी विहिरीत होतं.

त्यानंतर बैठकांमागून बैठका झाल्या, आणि त्या सगळ्या झाडं सोडून हक्कांवर. मधल्या काळात आम्ही काही जणी आणि चार पुरुष अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहून आलो. तिथल्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. उघडी पडलेली टेकडी त्यांनी चराई आणि तोड आवरून पुन्हा उभी केली, सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ नावानं मुंबईपर्यंत विकली, २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. येताना गाडीत सगळ्यांच्या तोंडी सीताफळ होतं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. त्यांच्यामागं २००६ चा वनहक्क कायदा उभा आहे. तो वनजमिनीला लागतो. आमची जमीन महसुलाची, मालकी सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची. म्हणजे आमच्यापाशी कायद्याचं नाव घेऊन बोट ठेवावं असं काही नाही, गावाचा ठराव तेवढा आहे. तो जितका पक्का, तितकी बाग पक्की.

ठराव अखेर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाला. वाहितीतले तुकडे बागेच्या नकाशाबाहेर ठेवले, आणि तसं स्पष्ट शब्दांत लिहिलं. ग्रामसेवक म्हणाले, हे लिहू नका, अडचण येईल. बायांनी लिहायलाच लावलं. (आज बागेची सगळ्यात चांगली राखण कोण करत असेल तर तीच कुटुंबं. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, शिरला की पहिली हाळी त्यांच्याच खोपटातून येते.) सगळा ई-क्लास एकदम बंद करायचा नाही, तीन भाग करायचे, एक भाग बंद तर दोन चराईला उघडे. रोपं शेळीचं तोंड पोचणार नाही एवढी उंच झाली की तो भाग खोलायचा, पुढचा बंद करायचा. बंद भागातलं गवत कापून नेता येईल, घरटी सारखा वाटा. ज्याच्याकडे ढोर नाही त्यानं आपला वाटा विकावा. जुन्या मोहांखाली जी घरं पिढ्यान्‌पिढ्या फुलं वेचतात त्यांचा हक्क तसाच. नव्या झाडांचं फळ ग्रामसभेचं, वेचणी घरटी, विक्री बचत गटामार्फत, आणि विक्रीतून आधी राखणदाराचा पगार. हे शेवटचं वाक्य गायक्यानं घालायला लावलं. राखणदार तोच झाला.

परवानगीचे कागद हातात येईपर्यंत हिवाळा लागला होता. ते एका अर्थी बरं झालं, कारण त्या हिवाळ्यात आम्ही जमीन वाचली.

वाचली म्हणजे पोडावरच्या एका आजीसोबत पायी फिरलो. कोलाम माणसं रानातली, त्यांचं बुरडकाम वेळूचं, आणि आजीला झाड पानावरून नाही तर सालीवरून कळतं. मला जिथं नुसतं खुरटं दिसायचं तिथं ती वाकून माती सारायची. “हे पाय, वरून कुराड खाल्ली, खालून जित्तं हाये.” तेंदूची, चाराची (म्हणजे चारोळीच्या झाडाची), धावड्याची, सीताफळाची, पळसाची जुनी खोडं जमिनीखाली जिवंत होती. दर वर्षी फुटत होती आणि दर वर्षी खाल्ली, तोडली, जाळली जात होती. आम्ही प्रत्येकाला चुन्याची खूण केली. ह्याच्यातून जे कळलं ते मी प्रत्येक गावात पहिल्यांदा सांगते, की रोप आणण्याआधी जमिनीत काय आहे ते बघा. जुन्या मुळाला फुटलेला कोंब नुसता राखला, फुटव्यांतला जोमाचा एक ठेवून बाकी छाटले, तर तो विकतच्या रोपाला सहज मागं टाकतो, कारण त्याची मुळं आधीच खोल गेलेली असतात. पाणी द्यावं लागत नाही. खर्च शून्य. अडचण एकच, त्याचं उद्घाटन करता येत नाही.

तेंदू तर रोपवाटिकेत करायच्या भानगडीत पडूच नये. त्याची मुळंच जमिनीखालून नवी झाडं काढतात.

रायमुनिया मात्र उपटावी लागली. अंगाला ओरखडे पडले ते पडले. पण सगळी काढली नाही. उताराच्या कडेला काही जाळ्या राहू दिल्या, त्यांच्या आडोशाला लावलेली रोपं शेळ्यांपासून वाचली. एक कृषी पदवीधर पाहायला आले होते, त्यांना हे अजिबात आवडलं नाही.

बियांचं काम बायांनी केलं. मोहाचं बी पावसाच्या तोंडाला पडतं आणि त्याचा जीव फार थोडा, ठेवलं की गेलं. कडुनिंबाचं तसंच, जांभळाचंही. ही बियाणं पिशवीत न भरता थेट जमिनीत, पडल्या-पडल्या. चिंच, करंज, सीताफळ यांचं बी टिकतं, ते सवडीनं. चारोळीचं कवच इतकं टणक की हलक्या हातानं तडकवल्याशिवाय उगवण नीट होत नाही, आणि हात जड पडला की आतला दाणाच फुटतो. आमच्या गटातल्या दोघींचा हात त्याला बसला, बाकीच्यांनी नाद सोडला. रोपवाटिका शाळेच्या हातपंपाजवळ केली. वरून फुकट मिळणाऱ्या रोपांत साग आणि गुलमोहर होते, ते आम्ही घेतले नाहीत. फुकटचं नाकारलं म्हणून काही पुरुष माणसं चार दिवस बोलली नाहीत.

खड्डे आणि चर रोजगार हमीतून झाले, २०२३ च्या उन्हाळ्यात. तेव्हा हमीची मजुरी २७३ रुपये होती. पुरुष माणूस बाहेर त्याहून जास्त कमावतो, त्यामुळे कामावर बायाच जास्त आल्या. पहाटे पाचला सुरुवात, दहाला बंद. उताराला आडवे समतल चर, चराच्या खालच्या अंगाला मातीच्या वरंब्यावर रोप. मजुरी उशिरा खात्यात पडली, त्यावरून घराघरांत कुरबुर झाली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हे देशात सगळीकडे सारखंच असावं.

मग २०२३ चा पावसाळा आला आणि त्यानं हवामान बदलावर माझ्यापेक्षा चांगलं भाषण दिलं. मॉन्सून उशिरा आला. जून संपता-संपता आम्ही लागवड उरकली. जुलैच्या २२ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला तो अनेकांना आठवत असेल, महागाव तालुक्यात तर पुरात अडकलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. आमच्याकडे वावरांतली माती वाहून गेली, कापसाच्या ओळी आडव्या झाल्या. आणि त्याच्या पाठोपाठ ऑगस्ट कोरडा. १९०१ पासून देशात नोंदलेला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. एकाच हंगामात पीक आधी बुडालं आणि मग वाळलं.

ई-क्लासवर काय झालं? चरांनी पाणी अडवलं, काही ठिकाणी फुटलेही. पिशवीतून लावलेले आंबे आणि आवळे ऑगस्टात माना टाकून बसले. सलाईनच्या बाटल्या लटकवून काही जगवले, बरेच गेले. थेट बी टोकलेला मोह मात्र वर दोन-चार पानांचाच दिसत होता, पण तगला, कारण त्याचं सोटमूळ वर पान दिसायच्या आधीपासून खाली जात असतं. करंज तगला. सीताफळाला काही झालं नाही, त्याला शेळीही तोंड लावत नाही. चुन्याच्या खुणेची जुनी खोडं तर दुष्काळ पडलाय हे कळलं नसल्यासारखी फुटत होती. त्या वर्षानंतर आम्ही आंबा माळावर लावणं बंद केलं, तो आता घरांजवळ.

आणि गवत. खरा विजय गवताचा झाला, झाडांचा नाही. बंद ठेवलेल्या भागात पहिल्याच पावसात पवन्या आणि मारवेल गुडघ्याच्या वर आलं. ते बी कोणी टाकलं नव्हतं, जमिनीतच होतं, त्याला फक्त उभं राहायला सवड मिळत नव्हती. ऑगस्टच्या त्या खंडात वावरातला चारा सुकला तेव्हा गावानं ई-क्लासवरून भारे नेले. “बकऱ्या आभाळात चरतीन का” म्हणणारी वहिनी डोक्यावर भारा घेऊन माझ्या दारावरून गेली, काही बोलली नाही. पुढच्या ग्रामसभेत दुसरा भाग बंद करायचा ठराव तिनंच मांडला.

घरामागच्या वाड्यांचं काम शांतपणे झालं. त्यात ग्रामसभा नाही, भांडण नाही. न्हाणीचं पाणी नालीत सोडण्याऐवजी केळीच्या आळ्यात सोडलं, केळीखाली धोपा (अळू) आणि हळद, बाजूला पपई आणि कढीपत्ता, कुंपणावर पोपटाच्या शेंगांचा नि दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा, त्याच्या खोडाशी सुरण, सावलीत थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. शेवगा पहिल्याच वर्षी पाला देतो. हार्टसाहेबांचे सातही थर वीस फूट रुंद वाडीत बसतात, पाणी रोज मिळतं म्हणून. पोडावरच्या घरांमागं तर यातलं अर्धं आधीपासूनच होतं. आम्ही तिथं शिकवायला गेलो नाही, कंदाचं बेणं मागायला गेलो.

तिसरी गोष्ट आगीची. हिच्यावर मी सगळ्यात जास्त भांडले. मोहाची फुलं मार्चपासून गळतात, पहाटे वेचायची. झाडाखाली वाळका पाला असला की फूल दिसत नाही, म्हणून पाला पेटवून जागा साफ करायची रीत आहे. ती आग झाडाखालीच थांबेल असं नाही. वारा असला की माळ पेटतो, आणि कोवळी रोपं, राखलेले कोंब, चरातला पाला, सगळं एका दुपारी राख. आग लावू नका म्हणून सांगणं सोपं आहे, पण फुलं वेचणाऱ्या बाईला घाई असते, उन्हं चढायच्या आत टोपली भरायची असते. आम्ही गटाच्या पैशातून हिरव्या जाळ्या घेतल्या, काहींनी जुनी लुगडी जोडली, ती झाडाखाली अंथरायची. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात. व्यापारी त्याला थोडा भाव जास्त देतो, नेहमी नाही. पाला झाडून चरात भरायचा, तो सडून खत होतो. बंद भागाभोवती फेब्रुवारीतच गवत कापून जाळरेषा काढतो. तरी एका वर्षी आग आलीच, शेजारच्या शिवारातून. रात्री अख्खा गाव आणि पोड ओल्या फांद्या घेऊन पळाला. तिसऱ्या भागातली अर्धी लागवड गेली. करंजाला पुन्हा फुटवे आले, बाकीचं नव्यानं टोकलं.

रोही आणि डुकरं हा न सुटलेला प्रश्न. कुंपणाला रंगीत साड्या बांधल्या, करवंद आणि सागरगोटीची काटेरी ओळ लावली, ती दाटायला वेळ लागेल. रोही रोप खातो कमी, मोडतो जास्त. यावर कोणाकडे खात्रीचा उपाय असला तर मला खरंच ऐकायचा आहे. फक्त बंदुकीचा सांगू नका, पुरुषांकडून तो बराच ऐकला आहे.

मध्यंतरी एक गृहस्थ आले, म्हणाले तुमची झाडं हवेतला कार्बन शोषतात, त्याच्या बदल्यात कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो. करार बऱ्याच वर्षांचा आणि इंग्रजीत. ग्रामसभेनं सांगितलं, मराठीत आणा आणि चराई, वेचणी, गवत यांवर आमचा हक्क राहील असं त्यात लिहून आणा. ते परत आले नाहीत.

आता आजूबाजूची गावं बोलावतात. तिथं गेल्यावर मी हवामानाचं थोडक्यात सांगते, कारण लोकांना ते अंगावर कळतंय. आमच्या माळावरच्या झाडांनी यवतमाळचा पारा उतरणार नाही, असंही सांगते. त्याऐवजी फळ्यावर बारा महिने लिहिते आणि बायांना विचारते, कोणत्या महिन्यात रानातून काय येतं. पावसाच्या पहिल्या आठवड्यात तरोटा, मग काटवलं, श्रावण-भाद्रपदात गवत, दिवाळीच्या आसपास सीताफळ, हिवाळ्यात आवळा आणि बोरं, शिमग्याच्या अलीकडे-पलीकडे चिंच, मग मोह, मग चारोळी आणि तेंदूपान, शेवटी जांभूळ. मग दुसऱ्या रंगानं कापूस-सोयाबीनचे पैसे कधी येतात ते लिहिते. फेब्रुवारी ते जून तो रंग उमटतच नाही. तेव्हाच घरात पैसा नसतो, तेव्हाच सावकाराचं दार दिसतं, आणि नेमकी तेव्हाच रानाची आवक जास्त. कापूस बुडाला त्या वर्षीही चिंच आली होती. नव्या मोहाला फुलं यायला दहा वर्षं किंवा जास्तही लागतील, तोवर जुनी झाडं आणि राखलेले कोंब यांच्यावरच भिस्त आहे, हेही लपवत नाही. कोणी रोपं मागितली तर ठराव झाला का विचारते. झाला नसेल तर रोपं देत नाही. आमच्या गटातल्या बाया म्हणतात मी फार कडक आहे.

सध्या वाद चारोळीवर आहे. पोडाजवळच्या राखलेल्या चारांना यंदा फळ बऱ्यापैकी धरलं, आणि कोणी तरी हिरवीच तोडून नेली. हिरव्या फळाला दाणा भरलेला नसतो, भाव पडतो. पण मी थांबले तर दुसरा नेईल, या भीतीनं प्रत्येक जण आधी हात घालतो. पोडावरची आजी म्हणते, पहिले पोडात तोडणीचा दिवस ठरायचा, पूजा झाल्याशिवाय फळाला हात लागायचा नाही. येत्या ग्रामसभेत तोच दिवस ठरावात घालायचा आहे. शेजारच्या गावाचे लोक त्याच रांगेतल्या झाडांवर येतात, त्यांच्या शेळ्या आमच्या बंद भागात शिरतात, आणि आमच्या बाया त्यांच्या हद्दीतून तेंदूपान आणतात. हे तिन्ही विषय एकाच दिवशी बोलायचे असं दोन्ही सरपंचांनी कबूल केलंय. बैठक त्यांच्या गावात, मारुतीच्या पारावर. चहा त्यांचा, सतरंज्या आमच्या.